अटॅकनंतर पुढं काय? एका अंदाजाचा इतिहास



मागच्या वेळी आपण बीपीच्या गोळ्यांबद्दल बोललो. त्यानंतर गटांच्या बैठकांमधून एकच प्रश्न फिरून फिरून आमच्याकडं आला. अटॅक येऊन गेलेला माणूस पुढं किती वर्षं जगतो? त्याला शेतात जाता येतं का? एका मावशींनी तर सरळच विचारलं, "डॉक्टर सांगतात ते खरं असतं, का तेही पंचांग बघितल्यासारखंच?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न चांगला आहे. डॉक्टर हे कशाच्या जोरावर सांगतात? त्यांना हे कोणी शिकवलं? आज आम्ही त्याचाच इतिहास सांगणार आहोत. त्यातला बराचसा अमेरिका आणि युरोपातला आहे, कारण ही मोजदाद तिथं आधी सुरू झाली. शेवटी आपल्या देशात येऊ.

सव्वाशे वर्षांपूर्वी बहुतेक डॉक्टरांची पक्की समजूत होती की हृदयाला रक्त पुरवणारी नळी अचानक बंद पडली की माणूस जागीच संपला. मग पुढचा अंदाज करायचा कशाचा? १९१२ साली शिकागोच्या जेम्स हेरिक नावाच्या डॉक्टरांनी एका पेशंटची हकीकत छापली. ५५ वर्षांचा माणूस, जेवल्यावर तासाभरात छातीत खाली जोराचं दुखायला लागलं, उलटी झाली. त्याला वाटलं, खाल्लेलं बाधलं. तो ५२ तास जगला. मेल्यानंतर तपासलं तेव्हा हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी सापडली. हेरिक यांचं म्हणणं असं, की नळी बंद पडूनही माणूस काही तास, काही दिवस जगतो, आणि काही जण तर बरे होऊन कामालाही लागत असतील. आज आपल्याला यात काही विशेष वाटणार नाही. पण "अटॅकनंतर" हा शब्दच या विचारानं शक्य झाला. त्या वेळी मात्र या लेखाकडं फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

जिवंत माणसाच्या छातीत काय चाललंय हे बाहेरून कळायला यंत्र हवं होतं. ते हॉलंडमधल्या लायडन गावच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनवलं. तोच आपला ईसीजी. आज आशाताईंच्या पिशवीत मावेल एवढं मशीन मिळतं. आइन्थोव्हेन यांचं मशीन सुमारे २७० किलोचं होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागायची. पेशंटचे हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसवायचे. १९२४ साली या कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. पुढं हेरिक आणि त्यांच्या सोबत्यांनी हेच यंत्र अटॅक ओळखायला वापरलं.

रोग ओळखता आला, पण उपचार काय? अंथरुण. चार ते सहा आठवडे माणसाला हलू द्यायचं नाही. कूस नर्सनं बदलायची, घास नर्सनं भरवायचा. हृदयाला जखम झालीय, ती भरेपर्यंत ताण नको, असा विचार. ऐकायला बरोबर वाटतं. पण एवढे दिवस न हलता पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्त साकळतं, गुठळी होते, ती फुप्फुसात जाऊन अडकते. म्हणजे बरेच पेशंट अटॅकमधून वाचून अंथरुणामुळं गेले. १९५२ साली बोस्टनमध्ये सॅम्युअल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या दोन डॉक्टरांनी ८१ पेशंटना पहिल्या एक-दोन दिवसांतच उचलून खुर्चीत बसवलं. दवाखान्यातले लोक चिडले, हे तर मारायचंच काम म्हणाले. पण खुर्चीत बसवल्यामुळं पेशंट मेले नाहीत, उलट लवकर हुशारले. आम्हाला हा प्रसंग मोठा वाटतो. तोवर डॉक्टर जो अंदाज सांगत होते तो नुसत्या रोगाचा नव्हता, त्यांनीच लावलेल्या अंथरुणाचाही होता.

आता एका पेशंटची गोष्ट, जी त्या वेळी सगळ्या जगानं ऐकली. १९५५ चा सप्टेंबर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर सुट्टीवर डेन्व्हर शहरात होते. दिवसभर गोल्फ खेळले. दुपारी कच्चा कांदा घातलेला हॅम्बर्गर, म्हणजे पावात मांसाची वडी, खाल्ला. पोट बिघडल्यासारखं वाटलं. रात्री दोनच्या सुमारास छातीत दुखायला लागलं. पत्नी मेमी यांनी डॉक्टरांना बोलावलं. बाहेर पहिली बातमी गेली ती अपचनाची. ईसीजी निघाला दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि मग कळलं की हा अटॅक आहे. हेरिकच्या पेशंटला वाटलं जेवण बाधलं, देशाच्या प्रमुखाबद्दलही सांगितलं गेलं की अपचन. आपल्याकडं पित्त म्हणून किती रात्री काढल्या जातात ते आम्ही वेगळं सांगत नाही.

सोमवारी, २६ सप्टेंबरला, न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. हा माणूस जगेल का, जगला तर राज्य चालवेल का, असे प्रश्न. बोस्टनहून हृदयाचे मोठे डॉक्टर पॉल डडली व्हाइट यांना बोलावलं होतं. त्याच दिवशी ते पत्रकारांसमोर बसले आणि अटॅक म्हणजे काय, नळी कशी बंद पडते, जखम कशी भरते, हे साध्या भाषेत समजावून सांगितलं. राष्ट्राध्यक्षांना शौचाला साफ झालं हेसुद्धा सांगितलं, त्यावर पुढं बरीच चेष्टा झाली. पण आमच्या मते व्हाइट यांनी चांगलं केलं. तोवर हृदयाचा आजार म्हणजे दबक्या आवाजात बोलायची गोष्ट होती. त्या दिवशी ती घराघरात मोकळेपणी बोलली गेली.

आयझेनहॉवर सात आठवडे दवाखान्यात होते. पुढच्या वर्षी निवडणूक होती. १४ फेब्रुवारी १९५६ रोजी व्हाइट यांनी जाहीर सांगितलं की पुढची पाच ते दहा वर्षं ते चांगलं कामाचं आयुष्य जगू शकतील, अशी शक्यता आहे. शब्द बघा, "शक्यता आहे". आयझेनहॉवर निवडणुकीला उभे राहिले, जिंकले, आणि जानेवारी १९६१ पर्यंत पदावर राहिले. पुढं त्यांना आणखी अटॅक आले, आणि २८ मार्च १९६९ रोजी, ७८ व्या वर्षी ते गेले. पहिल्या अटॅकनंतर साडेतेरा वर्षांनी. व्हाइट यांचा अंदाज चुकला म्हणायचा का? दहाच्या पुढं आणखी तीन वर्षं. अशी चूक प्रत्येक घराला हवीशी वाटेल.

व्हाइट यांचा अंदाज हा एका जाणत्या डॉक्टरच्या अनुभवाचा होता. आयुष्यभर पेशंट बघून बघून त्यांना जे कळलं ते. पण प्रत्येक तालुक्याला असा डॉक्टर कुठून आणायचा? तो अनुभव आकड्यांत उतरवायला हवा होता, म्हणजे नवशिक्या डॉक्टरलाही वापरता येईल. हे काम वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या माणसांनी केलं.

एक ठिकाण म्हणजे बोस्टनजवळचं फ्रेमिंगहॅम गाव. १९४८ साली तिथं एक अभ्यास सुरू झाला. गावातल्या ५,२०९ माणसांना निवडलं, साधारण तीस ते साठ या वयातली. दर दोन वर्षांनी त्यांना बोलवायचं, बीपी, रक्त, वजन, ईसीजी बघायचा, सिगारेट ओढता का विचारायचं, आणि वाट बघायची. कुणाला अटॅक येतो, कुणाला नाही. हा अभ्यास आजही चालू आहे, आता नातवंडांची पिढी त्यात आहे. वाढलेला बीपी, रक्तातली चरबी, तंबाखू, साखर यांचा अटॅकशी संबंध आहे हे आज आपण सहज बोलतो, ते बरंचसं त्या गावातल्या माणसांमुळं कळलं. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो, त्या ५,२०९ जणांत निम्म्याहून जास्त बायका होत्या. त्या काळात हे विशेष होतं.

त्या बायकांमुळं एक नवीनच गोष्ट उघड झाली. दर दोन वर्षांनी ईसीजी निघत होता, त्यात काही जणांच्या हृदयावर जुन्या अटॅकची खूण दिसायची. त्यांना विचारलं तर म्हणायचे, आम्हाला तर कधी अटॅक आला नाही. म्हणजे येऊन गेला आणि कळलाच नाही. तीस वर्षांचा हिशेब १९८४ साली छापला गेला. पुरुषांमधले शंभरातले २८ अटॅक असे न कळता गेलेले होते, आणि बायकांमधले ३५. न कळलेला म्हणून तो हलका असंही नव्हतं. पुढच्या वर्षांत या लोकांना धोका जवळपास तेवढाच होता जेवढा कळलेल्या अटॅकवाल्यांना. फरक एवढाच की यांना औषध कुणी दिलं नव्हतं.

दुसरं ठिकाण न्यूयॉर्कचं. १९६० नंतर मोठ्या दवाखान्यांत अटॅकच्या पेशंटसाठी वेगळी खोली निघाली, जिथं हृदयाचे ठोके चोवीस तास पडद्यावर दिसतात. आपण आता सगळ्याच तसल्या खोलीला आयसीयू म्हणतो. तिथं थॉमस किलिप आणि जॉन किम्बॉल या डॉक्टरांनी २५० पेशंटची नोंद ठेवली आणि १९६७ साली छापली. त्यांनी पेशंटचे चार गट पाडले. ते पाडायला महागडं यंत्र लागलं नाही, गळ्यातलं स्टेथोस्कोप पुरलं. पाठीला लावून फुप्फुसाचा आवाज ऐकायचा. हृदय दमलं की रक्त मागं तुंबतं, फुप्फुसात पाणी झिरपतं, आणि श्वास घेताना कानाजवळ केस चोळल्यासारखा चरचर आवाज येतो. आवाज नाही तो पहिला गट. खालच्या भागात थोडा आवाज, तो दुसरा. छाती पाण्यानं भरलेली, तो तिसरा. बीपी पडलेला, हातपाय गार, तो चौथा. पहिल्या गटातले शंभरात ६ दवाखान्यातच गेले, दुसऱ्यातले १७, तिसऱ्यातले ३८ आणि चौथ्यातले ८१.

हे आकडे आता जुने झाले. आजच्या उपचारांनी ते सगळे खाली आलेत. पण क्रम तोच राहिला. डॉक्टर आजही पेशंटची पाठ ऐकतात आणि कागदावर "किलिप एक" किंवा "किलिप दोन" असं लिहितात. कुणाच्या फाइलमध्ये तो शब्द दिसला तर आता तुम्हाला कळेल की साठ वर्षांपूर्वीचा एक डॉक्टर तिथं बसलाय.

सोनोग्राफीचं तंत्र हृदयाला लावायला स्वीडनमध्ये १९५३ साली सुरुवात झाली, इंगे एडलर आणि हेलमुट हर्ट्झ या दोघांनी. त्यातूनच पुढं आपला टूडी इको आला. त्यात एक आकडा मिळतो, त्याला ईएफ म्हणतात, आणि आपल्याकडं लोक "पंपिंग" म्हणतात. हृदयात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर ढकललं जातं, तो आकडा. इथं एक गैरसमज आम्हाला वारंवार भेटतो. "साहेब म्हणाले पंपिंग साठ आहे, म्हणजे चाळीस टक्के हृदय गेलं." तसं नाही. धडधाकट माणसाचंही शंभर कधीच नसतं. साधारण ५५ ते ७० म्हणजे उत्तम. १९८० नंतरच्या अभ्यासांत दिसलं की अटॅकनंतर हा आकडा ४० च्या खाली राहिला तर पुढच्या वर्षांत धोका बराच वाढतो. मात्र अटॅकच्या दिवशीचा आकडा आणि दोन-तीन महिन्यांनंतरचा आकडा यात फरक पडू शकतो, म्हणून डॉक्टर इको पुन्हा करायला सांगतात. पैसे उकळायला सांगतात असं दरवेळी नसतं.

आता पंचांगाच्या प्रश्नाकडं येतो, कारण त्याचं उत्तर या इतिहासात अगदी शब्दशः आहे.

१९८८ साली एका मोठ्या प्रयोगाचा निकाल आला. १६ देशांतल्या ४१७ दवाखान्यांत अटॅकच्या १७,१८७ पेशंटना चिठ्ठ्या टाकल्यासारखं चार गटांत वाटलं होतं. काहींना साधी अॅस्पिरिन, काहींना गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज नावाचं इंजेक्शन, काहींना दोन्ही, आणि काहींना दोन्ही नाही. दोन्ही न मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत शंभरात १३ गेले, दोन्ही मिळालेल्यांपैकी ८. अॅस्पिरिन काही पैशांची गोळी. तिनं एकटीनं मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी केले. दहा वर्षांनी पुन्हा त्याच लोकांची नोंद पाहिली तेव्हा वाचलेले जीव दहा वर्षांनंतरही वाचलेलेच होते. (अॅस्पिरिन आपल्या मनानं रोज घ्यायची गोळी नव्हे हं. पोटात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना विचारूनच.)

निकाल छापायच्या वेळी मासिकाच्या संपादकांनी म्हटलं, पेशंटचे छोटे छोटे गट करून दाखवा, कुणाला फायदा झाला, कुणाला नाही. प्रयोग करणाऱ्यांना हे पटेना. हवे तेवढे तुकडे केले की कुठंतरी उगाच उलटसुलट दिसणारच. पण ते तयार झाले, एका अटीवर. त्यांनी पहिला गट पाडला तो जन्मराशीनुसार. आणि काय दिसलं? मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अॅस्पिरिनचा फायदाच नाही, उलट थोडं नुकसान. बाकीच्या दहा राशींना भरपूर फायदा. हे त्यांनी खरोखर छापलं. अर्थात जगातल्या कुठल्याही डॉक्टरनं तूळ राशीच्या पेशंटची अॅस्पिरिन बंद केली नाही. त्यांना दाखवायचं एवढंच होतं की आकडे कमी असले आणि प्रश्न जास्त विचारले, की आकडेसुद्धा पंचांगासारखे बोलायला लागतात. तेव्हा मावशी, फरक इथं आहे. हजारो माणसांची नोंद ठेवून, आधी प्रश्न ठरवून, मग काढलेला अंदाज वेगळा. आणि ओळखीच्या चार माणसांचं बघून "आमच्या गल्लीत सगळे तीन वर्षांत गेले" म्हणणं वेगळं.

पण हजारोंची नोंद ठेवायची तर ती कुणाची? फ्रेमिंगहॅममध्ये बायका होत्या. नंतरच्या कित्येक मोठ्या अभ्यासांत त्या गायब झाल्या. अमेरिकेत १९८० च्या दशकात अॅस्पिरिनचाच एक गाजलेला प्रयोग झाला, पहिला अटॅक टळतो का ते बघायला. त्यात २२,०७१ जण होते, सगळे डॉक्टर आणि सगळे पुरुष. अटॅकचा धोका कमी करण्याच्या दुसऱ्या एका प्रयोगात १२,८६६ जण, तेही सगळे पुरुष. मग त्यातून निघालेले अंदाज बायकांना लावायचे कसे? १९९१ साली बर्नाडिन हीली या हृदयाच्या डॉक्टर बाईंनी यावर थेट लिहिलं. त्याच वर्षी त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला प्रमुख झाल्या होत्या. त्यांनी येंटल नावाच्या मुलीची आठवण काढली. एका जुन्या कथेतली ही ज्यू मुलगी शिकता यावं म्हणून मुलाचा वेश घेते. हीली यांचं म्हणणं, हृदयाच्या बाबतीत बाईचं असंच झालंय. आपला आजार पुरुषाइतकाच मोठा आहे हे तिनं सिद्ध केलं, म्हणजे तिला मोठा अटॅक आला, की मगच तिच्यावर पुरुषासारखे उपचार होतात. १९९३ साली अमेरिकेत कायदा झाला की सरकारी पैशातून होणाऱ्या अशा अभ्यासांत बायकांना घेतलंच पाहिजे.

बायकांनाही अटॅकमध्ये छातीत दुखतंच, ते सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण आहे. पण त्याबरोबर दम लागणं, जबडा, पाठ किंवा दोन्ही खांद्यांच्या मधे दुखणं, मळमळ आणि एकदम गळून जाणं, हे बायकांमध्ये जास्त दिसतं. आणि या सगळ्याला आपल्याकडं तयार उत्तर असतं, कामाचा शीण.

पुढची पायरी २००० नंतरची. १९९९ पासून १४ देशांतल्या दवाखान्यांनी मिळून अटॅकच्या हजारो पेशंटची नोंद केली, तिला ग्रेस असं नाव आहे. त्यातून आठ गोष्टींचा एक हिशेब तयार झाला. वय, नाडी, वरचा बीपी, किडनीची रक्ततपासणी, किलिपचा गट, ईसीजीतला बदल, रक्तात हृदयाच्या जखमेची खूण, आणि दवाखान्यात येताना हृदय बंद पडलं होतं का. प्रत्येकाला गुण, त्यांची बेरीज, आणि त्यावरून अंदाज. आधी हा अंदाज दवाखान्यातल्या दिवसांचा आणि सहा महिन्यांचा होता. २०१४ साली तो एक वर्ष आणि तीन वर्षांपर्यंत नेला. आता डॉक्टर हे मोबाइलवर करतात, मिनिटभराचं काम.

हा आकडा कसा वाचायचा, यावर थोडं थांबू. समजा डॉक्टर म्हणाले, वर्षभरातला धोका दहा टक्के. याचा अर्थ तुमच्या घरच्या माणसासारख्या शंभर जणांना एका मांडवात बसवलं तर वर्षानं नव्वद जण परत येतील. तुमचं माणूस त्या नव्वदांत की दहांत, ते हा हिशेब सांगत नाही. त्याचा उपयोग वेगळा आहे. ज्याचा आकडा मोठा, त्याची अँजिओग्राफी आधी, त्याच्यावर लक्ष जास्त. अंदाज काढायचा तो खोटा ठरवायला, असं म्हटलं तरी चालेल.

आमच्या भागातल्या एका गटात हा प्रश्न कर्जाच्या निमित्तानं आला होता. एका ताईंना अटॅक येऊन दोन वर्षं झाली होती. त्यांनी शेळ्यांसाठी तीन वर्षांचं कर्ज मागितलं. दोघी-तिघी कुजबुजल्या, "हिचं काय खरं? उद्या काही झालं तर हप्ता कुणी भरायचा?" आम्हाला तो सूर आवडला नाही, पण प्रश्न टाळलाही नाही. बैठकीत मोकळं बोलणं झालं. अटॅकनंतरचे पहिले काही महिने सगळ्यात धोक्याचे, ते मागं पडले होते. ताई गोळ्या नेमानं घेत होत्या, मिसरी सोडली होती, पाणंदीनं रोज चालत होत्या. आणि गटात असा विचार निघाला की आपल्यापैकी कितीजणींचा बीपी कधी मोजलाच नाही, त्यांचं तरी कुठं खरं आहे? कर्ज मंजूर झालं. हप्ते येतायत.

त्याच बैठकीत आम्ही न्यू हेवनचा अभ्यास सांगितला होता, तो इथंही सांगतो. अमेरिकेतल्या या शहरात १९८० च्या दशकात म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची विचारपूस केली होती. त्यात एक प्रश्न असा होता की अडचणीत मोकळं बोलायला, कठीण निर्णय घ्यायला तुम्हाला कुणाचा आधार आहे का? पुढं त्यांच्यातल्या १९४ जणांना अटॅक आला, जवळपास निम्म्या बायका. लिसा बर्कमन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९२ साली निकाल छापला. "कुणीच नाही" असं ज्यांनी उत्तर दिलं होतं, त्यांना सहा महिन्यांत दगावण्याचा धोका जवळपास तिप्पट निघाला. वय, आजाराची गंभीरता, इतर दुखणी, सगळं हिशेबात धरूनही. आणि हे उत्तर त्यांनी अटॅकच्या आधी दिलेलं होतं, म्हणजे आजारपणामुळं माणसं तुटली असंही म्हणता येत नाही. ग्रेसच्या आठ प्रश्नांत हा प्रश्न नाही. दवाखान्यात तो सहसा कुणी विचारत नाही.

आता आपला देश. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं २००१ ते २००५ या काळात ५० शहरांतल्या ८९ दवाखान्यांमध्ये अटॅकच्या पेशंटची नोंद झाली. क्रिएट असं तिचं नाव, निकाल २००८ साली छापला. २०,४६८ पेशंट. दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचायला मधल्या पेशंटला लागलेला वेळ ३६० मिनिटं. सहा तास! गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त काम करतं. दवाखान्यात पोचल्यावर इंजेक्शन मिळायला लागले ५० मिनिटं. म्हणजे उशीर मुख्यतः घरात आणि रस्त्यावर झाला. "थांब जरा, सोडा पिऊन बघू", गाडी नाही, पैसे नाहीत, घरातला कर्ता माणूस गावाला गेलाय.

याच नोंदीत पेशंटचे श्रीमंत, मध्यम, गरीब असेही गट केले होते. महिन्याभरात श्रीमंतांमधले शंभरात साडेपाच गेले, गरिबांमधले आठाहून थोडे जास्त. कुणी म्हणेल, गरिबाचं शरीरच खंगलेलं असतं. पण त्यांनी पुढचा हिशेब केला. कुणाला काय उपचार मिळाले? बंद नळी फुग्यानं उघडायची अँजिओप्लास्टी श्रीमंतांमध्ये शंभरात १५ जणांची झाली, गरिबांमध्ये २ जणांची. चरबी कमी करणाऱ्या गोळ्या श्रीमंतांमध्ये शंभरात ६१ जणांना, गरिबांमध्ये ३६ जणांना. ही तर नुसती गोळी, तीही निम्म्यांना नाही. आणि उपचारांतला हा फरक हिशेबातून समान केला, तेव्हा मृत्यूंमधला फरक नाहीसा झाला. आयझेनहॉवर यांच्या वेळेपासून डॉक्टर हृदय बघून अंदाज सांगत आलेत. आपल्या देशाच्या या आकड्यांत हृदयाइतकाच खिसा बोलतोय, हे आम्हाला विसरता येत नाही. ती नोंद झाली तेव्हाच्या मानानं आता १०८ ची गाडी आहे, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आहे. फरक पडलाय. पण गाडीला फोन करायचा निर्णय अजून घरातच होतो.

दवाखान्यातून सुटल्यानंतरचं चित्र २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. १७ देशांत घरोघर जाऊन ज्यांना आधी अटॅक किंवा लकवा येऊन गेला त्यांना विचारलं, गोळ्या घेता का? भारत ज्या गरीब देशांच्या गटात धरला होता, तिथं शंभरातले ८० जण एकही गोळी घेत नव्हते. आणि खेड्यात शहरापेक्षा कमी. बरं वाटतंय मग कशाला, असं म्हणून गोळी सुटते. कधी मेडिकलवाला "साठा नाही" म्हणतो आणि महिना जातो. नाहीतर घरात दोघं आजारी, मग आधी त्यांच्या गोळ्या, बाईच्या पुढच्या महिन्यात.

ज्यांच्या घरी अटॅक येऊन गेलेलं माणूस आहे, त्यांनी डिस्चार्ज कार्ड, ईसीजीची पट्टी आणि इकोचा कागद एका पिशवीत ठेवा. ईसीजीची शाई उडते, म्हणून झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो. पुढच्या वेळी डॉक्टरांकडं जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. ईएफ किती आहे आणि पुन्हा इको कधी करायचा. कुठली गोळी किती दिवस, आणि कुठली जन्मभर. कामाचं ओझं कधीपासून उचलायचं. कार्डावरचं अक्षर लागत नसेल तर आशाताईंना किंवा आरोग्य उपकेंद्रातल्या सीएचओ मॅडमना दाखवा, त्या वाचून देतात. आणि उत्तरं घरी येईपर्यंत विसरायला होतात, म्हणून गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, तारखेसकट.